आधी बांगड्यांचं बघू

आमच्या वाशिम जिल्ह्यात बाईला 'तू वाद्य वाजवू नकोस' असं तोंडावर कुणीच म्हणत नाही. लोक भले आहेत. पोरगी तबल्याला बसली की कौतुक करतात, मोबाईलवर फोटो काढतात, आणि सप्ताहात मृदंगावर कोण बसणार हे ठरवायची वेळ आली की तिच्या हातात टाळ देतात.

मी वाशिमला तबला शिकवते. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या बाजूंच्या मुली येतात. त्यांना भजनात, हरिपाठात, स्पर्धेत पोरांच्या बरोबरीनं वाजवायला मिळावं म्हणून आम्ही काही जणी खटपट करतो. मोर्चा वगैरे काही नाही. निवेदन एकदा दिलं होतं, ते कुठल्या फायलीत आहे देव जाणे. एवढ्या खटपटीतून जे हाती लागलं ते सांगते.

१. नकार वहीत लिहून घ्या

नकार नकाराच्या रूपात येतच नाही, कारणाच्या रूपात येतो. म्हणून मी एक वही केली आणि जे कारण मिळेल ते तारीख घालून त्यात लिहीत गेले. 'पोट्टीच्या हातात जोर नाई राहत.' 'मृदंग जड राहते.' 'कीर्तन रात्री उशिरा सुटते.' 'बायांले इतका येळ मांडी घालून बसनं होत नाई.' हे शेवटचं ज्यांच्याबद्दल म्हटलं होतं, त्या बाया दिवसभर वाकून सोयाबीन सोंगतात.

कारण लिहून घेतलं की त्याचं उत्तर देता येतं. वही उघडी दिसली की सांगणारा जरा जपून सांगतो, तो फायदा वेगळाच.

ही कारणं फक्त आपल्याकडची आहेत असं मला वाटायचं. पण सुकन्या रामगोपाल घटम शिकायला गेल्या तेव्हा विक्कू विनायकरामसारखा मोठा कलावंतही मुलीच्या हाताला हे वाद्य झेपेल का म्हणून कचरत होता. विक्कूंचे वडील हरिहर शर्मा यांनी सुकन्याबाईंना शिकवायचं अंगावर घेतलं, आणि आज घटम म्हटलं की सुकन्याबाईंचं नाव येतंच. जर्मनीतली गोष्ट तर याहून जबर. ॲबी कोनंट ही ट्रॉम्बोन वाजवणारी बाई १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या निवडीत पहिली आली. पुढे तिला मुख्य जागेवरून खाली उतरवलं, कारण त्या जागेला लागणारी ताकद बाईत नाही म्हणे. तिनं दवाखान्यात जाऊन फुप्फुसांच्या तपासण्या करून घेतल्या आणि ते कागद कोर्टात ठेवले. जागा आणि पगार दोन्हींसाठी ती १९९३ पर्यंत भांडत राहिली आणि जिंकली. आमच्या मुलींना मी हे सांगते तेव्हा एक जण हमखास विचारते, 'बाई, माणसाच्या फुप्फुसाची तपासणी केली होती का?'

२. आधी बांगड्यांचं बघू

माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण बांगड्यांचं आहे, आणि ते खोटं नाही. तबल्याचा डावा हात म्हणजे डग्गा. त्यावर मनगट टेकवायचं, दाबायचं, पुढं सरकवायचं, तेव्हा घुमारा चढतो-उतरतो. त्या मनगटात काचेच्या डझनभर हिरव्या बांगड्या असल्या तर त्या पुडीवर आपटतात, किणकिणतात आणि एखादी पिचली तर काच थेट कातड्यात रुतते. लग्नाआधी मुली सरळ बांगड्या काढून ठेवत. लग्न झालं की प्रश्न. सवाष्णीनं हात मोकळे ठेवून चारचौघांत बसायचं, तेही देवासमोर? कितीतरी चांगल्या हातांचा तबला इथे संपला. कुणी बंदी घातली नव्हती, नुसत्या बांगड्या होत्या.

'बांगड्या म्हणजे गुलामी' असं एका कार्यक्रमात शहरातून आलेल्या वक्त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात क्लासला दोन सुना आल्याच नाहीत. भाषणानं हा गुंता सुटणारा नव्हता.

तो सोडवला मंगरूळपीरकडच्या एका सासूबाईनं. सुनेला घेऊन त्या क्लासला येत आणि कोपऱ्यात वाती वळत बसत. एक दिवस त्या उठल्या, सुनेच्या बांगड्या कोपराच्या दिशेनं वर सरकवल्या आणि पदराच्या पिशवीतून एक कापडी पट्टी काढून त्यावर गच्च बांधली. चार बोटं रुंद, दुहेरी, कडेला बंद शिवलेले. 'आता वाजव, हात बी भरलेला राह्यला अन् आवाज बी नाई.' मनगट पूर्ण मोकळं. आज आमच्या सगळ्या लग्न झालेल्या मुलींकडे ती पट्टी आहे. शिवायला कापड कुठलं, तर कार्यक्रमांत मानाचे म्हणून मिळालेले ब्लाऊजपीस. त्यांचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

३. गाणारीला मिळालेली जागा वाजवणारीला मिळत नाही

'आता बायांले काय कमी आहे, सगळ्या गातात' हे उत्तर मला नेहमी मिळतं. गातात, खरं आहे. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावलेल्या मैफलीत बसून गायल्याला सुमारे शंभर वर्षं झाली. तानपुरा घेऊन मागे बसलेली मुलगीही सगळ्यांना चालते. अडतं ते ठेका धरणाऱ्या जागेवर. ती जागा सगळ्यांना चालवते, गायकालाही. डॉ. आबान मिस्त्री मुंबईत स्वतंत्र तबलावादन करत, त्यांनी तबला आणि पखवाजाच्या घराण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, २०१२ साली त्या गेल्या. तबला येणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? मी विचारून पाहते, आणि उत्तर ऐकून दुसरा विषय काढते.

विदर्भात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, ती खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन गावोगाव नेलं आणि त्या वाटेनं बायांची खंजिरी भजनी मंडळं उभी राहिली. खंजिरीवर बाईचा हात पडला तर इकडे कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. मग त्याच बाईनं मृदंगाला हात लावला की काय बिघडतं? आमच्याच जिल्ह्यात पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा समाजाच्या वारशाचं संग्रहालय सुरू झालं, त्याची इमारतच नंगाऱ्याच्या, म्हणजे नगाऱ्याच्या, आकाराची. पण मी ज्या तांड्यांत होळीची लेंगी गाणी ऐकली, तिथे बायांचा आवाज आणि पुरुषांचा नंगारा, अशीच वाटणी होती.

आणि मृदंगाची गंमत पाहा. त्याच्या डाव्या पुडीला ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय तो बोलत नाही. ती कणीक कुठून येते? 'वहिनी, जरा कणीक द्या बरं मळून' म्हणून आतून. फार घट्ट नको, फार सैल नको, पाणी बेतानं. नाद कसा लागावा हे अर्धं तर चुलीपाशी बसलेल्या बाईनंच ठरवलेलं असतं.

४. पडदा लावा, पण घंटा विसरू नका

बोस्टनच्या वाद्यवृंदानं १९५२ साली वादकांची निवड पडद्याआडून करायला सुरुवात केली. पुढे इतरांनीही ते उचललं. परीक्षकांना फक्त आवाज ऐकू यावा, वाजवणारा दिसू नये. अमेरिकेतल्या पाच बड्या वाद्यवृंदांत १९७० च्या सुमारास बायका शंभरात पाचसुद्धा नव्हत्या. शतक संपेपर्यंत त्या चौथा हिस्सा झाल्या. क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउस या दोघींनी २००० साली यावर शोधनिबंध लिहिला आणि या वाढीतला बराच वाटा पडद्याला दिला. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे काहींनी शंका घेतल्या. गोल्डिनबाईंना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ही गोष्ट पुन्हा सगळीकडे आली आणि आम्ही म्हटलं, आपण करून पाहू.

तालुक्याच्या एका तबला-पखवाज स्पर्धेच्या आयोजकांना गळ घातली. शाळेच्या हॉलला पुढचा पडदा होताच. परीक्षक खाली, वाजवणारे पडद्यामागे, नावं नाहीत, फक्त नंबर. सोपं वाटलं. पहिल्या दहा मिनिटांत सगळं उघडं पडलं. निवेदक माईकवरून म्हणाले, 'चला ताई, सुरू करा.' त्यांच्या हातून माईक काढून घेतला आणि शिपायाला सांगितलं की नंबराची पाटी दाखवून शाळेची घंटा वाजव. मग पैंजण. एक मुलगी चालत आली आणि हॉलला कळलं कोण आली ते. सगळ्यांना आधीच जागेवर बसवून ठेवायचं ठरलं. तिकडे म्हणे उंच टाचांचा आवाज येऊ नये म्हणून जमिनीवर गालिचे अंथरत. आमच्याकडे सतरंजी होती, पण पैंजण सतरंजीला ऐकत नाहीत. बांगड्यांना पट्ट्या होत्याच.

पहिला नंबर एका मुलाचा आला आणि तो त्याचाच होता, हात स्वच्छ. त्यामुळे एक बरं झालं, पडदा मुलींना जिंकवायला लावला असं म्हणायची कुणाला सोय राहिली नाही. पण पहिल्या पाचांत तीन मुली होत्या. त्यातल्या एकीच्या गुणपत्रिकेवर परीक्षकांनी शेरा लिहिला होता, 'थाप भारदस्त. या मुलाने पखवाजाकडे वळावे.' तो कागद मी फ्रेम करून क्लासमध्ये लावला आहे. ती वळली.

पुढच्या वर्षी पडदा गेला. कारण काय, तर पेपरात द्यायला फोटो नीट येत नाहीत. हेही वहीत लिहिलं.

५. उजेडातल्या दारानं आत शिरा

रात्र होते, हे कारण मला खोडता येत नाही. सप्ताहाचं कीर्तन रात्री नऊला सुरू होऊन अकराला सुटतं, तेव्हा एसटी नसते आणि रस्त्यावर दिवेही नसतात. काकडा पहाटे चारचा. ज्या आईला मुलगी घरी परत हवी आहे, तिच्याशी मी समतेवर वाद घालणार नाही. पण सप्ताहाच्या दिवसात हरिपाठही असतो, संध्याकाळी पाच ते सहा. उजेड असतो, गावातलीच माणसं असतात, मृदंग लागतोच, आणि मोठे मृदंगवाले त्या वेळी चहा घेत असतात. आमच्या मुली हरिपाठातून आत शिरल्या. काही दिवस एखादीचा ठेका कानावर पडला की कीर्तनाला बुवा स्वतःच म्हणतात, 'तिलेच बसवा न, तिचा हात पक्का आहे.' मग तिला घरी पोचवायची जबाबदारी मंडळाची. ती कोण घेणार हे आधी ठरवून घ्यायचं, नाव घेऊन.

बुवांना मनवणं सोपं गेलं, हे माझ्यासाठी नवल होतं. ज्याला ताल कळतो त्याला हात कुणाचा याचं फारसं पडलेलं नसतं. अडवतात ते मांडवाचे कार्यकर्ते, ज्यांना स्वतःला सम सापडत नाही.

६. पाकिटाचं आधी बोला

मुलांच्या मंडळाला बिदागीचं पाकीट, मुलींना नारळ आणि ब्लाऊजपीस. आता आम्ही जाण्याआधीच विचारतो, 'पाकीट किती?' लाजायचं काही नाही, शाईची पुडी कुणी फुकट भरून देत नाही.

७. पाळीवर वाद घालू नका

चामड्याचं वाद्य, देवाचं ठिकाण, मग 'त्या' चार दिवसांचं काय, असं विचारतात. मी उलट विचारते की कोणाला कसं कळणार. पुढे कुणी विचारत नाही.

८. नाव पत्रिकेत हवं

फक्त मुलींचं वेगळं मंडळ काढावं का, यावर आमच्यातच भांडणं आहेत. अनुराधा पाल यांनी १९९६ साली 'स्त्री शक्ती' हा बायकांचाच वाद्यवृंद काढला आणि गाजवला. शिकायला, चुका करायला, मोकळं हसायला असं मंडळ उत्तम. पण आमच्याकडे त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. आठ मार्चला सगळे बोलावतात, नऊ मार्चपासून विसरतात. मला मिसळलेलीच जागा हवी आहे, भांडून मिळाली तरी.

पण नुसती जागा मिळून भागत नाही, नाव लागावं लागतं. व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद १८४२ सालचा. त्यात अ‍ॅना लेलकेस हार्प सव्वीस वर्षं वाजवत होत्या, पण सभासद म्हणून नाही, कारण सभासद फक्त पुरुष. अमेरिकेतल्या संगीतकार बायांनी निदर्शनांची तयारी केली, पत्रं लिहिली, आणि तिथला दौरा तोंडावर असताना फेब्रुवारी १९९७ मध्ये वाद्यवृंदानं मतदान करून बायांना प्रवेश दिला. पहिली सभासद लेलकेसच. सव्वीस वर्षं नुसतं वाजवून नाव लागलं नाही.

म्हणून आता माझा सगळा जोर पत्रिकेवर आहे. सप्ताहाच्या पत्रिकेत मृदंगाचार्यांची रांग असते, गायनाचार्यांची असते, आणि तळाला 'व समस्त महिला मंडळ'. यंदा एका गावच्या पत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं. जी मुलगी सातही दिवस हरिपाठाला वाजवणार, तिचं नाव होतं, पण मृदंगाच्या रांगेत नाही, 'विशेष सहकार्य'च्या खाली, मंडपवाल्याच्या आणि आचाऱ्याच्या मध्ये. मी ते खोडून बाण काढून वर नेलं आणि प्रूफ परत पाठवलं. छापखान्यातून फोन आला की मृदंगाच्या रांगेत जागा उरली नाही, एक नाव वाढवलं तर अक्षर बारीक करावं लागेल. म्हटलं, करा बारीक, सगळ्यांचंच करा. ते म्हणाले, मंडळाला विचारतो. अजून विचारताहेत. वहीत लिहून ठेवलंय.