बाळाचे आजारपण आणि हाडातील बेणे



घरभेटीला गेलो की आम्हाला पुष्कळदा ऐकू येते, “फादर, बाळ अंग धरत नाही, दृष्ट लागली.” बहुधा कारण साधे असते. परंतु काही थोड्या बाळांच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी जन्मतःच तयार होत नाहीत. उपचार न झाल्यास अशी बाळे बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावतात.

यावर इलाज आहे. उसाच्या बेण्याच्या डोळ्यातून नवे बेट उभे राहते, तसे हाडातील मगजात रक्ताचे बेणे असते. त्यास मूळपेशी म्हणतात. जुळणाऱ्या भावाला किंवा बहिणीला भूल देऊन थोडा मगज काढतात व बाळाच्या शिरेत सोडतात. देणाऱ्याचा मगज काही आठवड्यांत भरून येतो. १९६८ साली अमेरिकेत एका बाळाला बहिणीच्या मगजाने असे जीवदान मिळाले. भारतात मगजरोपणाची सुरुवात १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाली. आज वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अशा बाळांवरही ते होते.

लागण वेळेवर हवी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत रोपण झालेल्या १०० बाळांपैकी ९४ पाच वर्षांनंतरही जिवंत होती. म्हणून ही लक्षणे ओळखा: वारंवार न्यूमोनिया, न हटणारी हगवण, तोंडात पुन्हापुन्हा येणारा पांढरा थर, वजन न वाढणे. आधीचे मूल तान्हेपणी दगावले असेल तर ते डॉक्टरांना बीसीजी लस देण्यापूर्वीच सांगा, कारण त्या लशीतले जंतू जिवंत असतात. इतरांनी लस चुकवू नये. प्रथम रक्तातील पांढऱ्या पेशींची साधी मोजणी करावी. संशय आल्यास पुढील तपासणी परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते.

जुळणारा दाता नसल्यास बाळाच्याच मूळपेशीतला दोष सुधारून ती परत देण्याचे प्रयोगही झाले. पॅरिसला १९९९ पासून काही मुले त्याने बरी झाली. पण त्यांतल्या काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. प्रयोग म्हणजे हमी नव्हे.

म्हणून “स्टेम सेलने सर्व रोग बरे करतो” असे म्हणून कोणी लाखो रुपये मागितले, तर जमीन गहाण टाकू नका. खऱ्या प्रयोगाची सरकारी नोंदणी असते आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आधी नोंदणी क्रमांक मागा व तो कागद सरकारी डॉक्टरांना दाखवा. वाचता येत नसेल तर आमच्याकडे या, आपण मिळून वाचू.