क्लोरीनमध्ये अर्धा न्यूट्रॉन?

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीच्या व्हायवात हमखास येणारा प्रश्न : "क्लोरीनच्या अणूत न्यूट्रॉन किती?" सूत्र पाठ असतंच, वस्तुमानातून अणुअंक वजा करा. तक्त्यात वस्तुमान ३५.५, अणुअंक १७. उत्तर साडेअठरा! आता अर्धा न्यूट्रॉन आणायचा कुठून? सूत्र बरोबर आहे, पण त्यात घातलेला आकडा एका अणूचा नाहीच. गोंधळ तिथे होतो.

अणुअंक म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनची संख्या. ही मूलद्रव्याची ओळख. १७ प्रोटॉन म्हणजे क्लोरीन; १८ झाले की तो आरगॉन. न्यूट्रॉनचं मात्र तसं बंधन नाही. निसर्गातल्या क्लोरीनच्या काही अणूंत १८ न्यूट्रॉन असतात, तर काहींत २०. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक. तो इथे ३५ आणि ३७, म्हणजे पूर्णांकच. ही झाली क्लोरीनची समस्थानिके. होस्टेलच्या भाषेत सांगायचं तर रूम नंबर १७ एकच, पार्टनर दोन : एक हलका, एक भारी. इलेक्ट्रॉन दोघांकडेही १७च, म्हणून रासायनिक वागणूक जवळजवळ सारखी.

मग ३५.५ आलं कुठून? ३५ आणि ३७ ची साधी सरासरी ३६ येते. पण दोघांचं प्रमाण सारखं नाही ना! हलके अणू सुमारे ७५.७७ टक्के, भारी २४.२३ टक्के. म्हणून प्रत्येकाच्या वस्तुमानाला त्याच्या प्रमाणाने गुणायचं :

(३४.९६९ × ०.७५७७) + (३६.९६६ × ०.२४२३) = ३५.४५

३५.४५ वजनाचा अणू शोधून सापडणार नाही. तो सगळ्यांचा मिळून आकडा आहे.

या सरासरीने मोठमोठ्यांना चकवलं आहे. टेल्युरिअम १२७.६०, आयोडीन १२६.९०. वजनाने लावलं तर आयोडीन आधी येतं. गुणधर्म पाहिले तर टेल्युरिअम. मेंडेलीव्हने गुणधर्मांवर भरवसा ठेवला आणि टेल्युरिअमचं वजनच चुकलं असावं असं मानलं. वजन बरोबर होतं! १९१३ साली हेन्री मोसले या तरुणाने क्ष-किरणांच्या मोजमापातून दाखवलं, की मूलद्रव्यांचा खरा क्रम अणुअंकाचा. टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३, वाद मिटला. दोनच वर्षांनी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

आता इंजिनिअरिंगचं बघू. युरेनिअमचं सरासरी वस्तुमान २३८.०३. हे बघून वाटेल, सगळं २३८च आहे. पण त्यात सुमारे ०.७२ टक्के युरेनिअम-२३५ दडलेलं असतं, आणि अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया मुख्यतः त्याच्याच जिवावर चालते. तारापूरच्या १९६९ मधल्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या. साधं पाणी न्यूट्रॉन जास्त शोषतं, म्हणून तिथे २३५ चं प्रमाण वाढवलेलं इंधन लागतं. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या दोन भट्ट्या नैसर्गिक युरेनिअमवर चालतात, कारण तिथे जड पाणी आहे. आणि जड पाणी म्हणजे तरी काय? हायड्रोजनच्या जड समस्थानिकाचं पाणी! एक टक्क्याहूनही कमी असलेल्या पार्टनरमुळे अख्ख्या भट्टीचं डिझाइन बदलतं, बरं का.

जाता जाता इलेक्ट्रिकलवाल्यांना गृहपाठ. तांब्याची समस्थानिके दोन, वस्तुमानं ६२.९३० आणि ६४.९२८, सरासरी ६३.५४६. तुमच्या वायरीत हलकं तांबं किती टक्के? उत्तर ६९ च्या आसपास आलं, तर व्हायवाला बिनधास्त जा!