फाळक्यांचे दोन राजीनामे

संस्थापकानेच कंपनी सोडली, हा विषय निघाला की सगळे स्टीव्ह जॉब्सचं नाव घेतात. मित्रहो, तितकं लांब जायला नको. दादर पूर्वेचा फाळके रोड आपल्या रोजच्या पायाखालचा.

धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाआधी छपाईतले तंत्रज्ञ होते. लोणावळ्याला त्यांनी ब्लॉक बनवण्याचा कारखाना काढला. भागीदार आल्यावर दादरला त्याचंच 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झालं. रंगीत छपाईसाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. कामाचा गवगवा झाला आणि खटकेही उडू लागले. शेवटी फाळकेच बाहेर पडले. छापखाना त्यांच्यावाचूनही चालला, कारण त्यांचं कसब तोवर यंत्रांत आणि कारागिरांत उतरलं होतं. (फायनल इयरला कंपनी काढायच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं!)

हातात काम नव्हतं. १९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणला. दादरच्या घरी रात्री सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

दुसरा राजीनामा जास्त बोलका आहे. १९१८ मध्ये नाशिकला 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. पैसा पाच भांडवलदारांचा, फाळके वर्किंग पार्टनर. त्यांना चित्र मनासारखं हवं, मग वेळ लागो की पैसा. भागीदारांना हिशेब हवा. मला दोघांचंही पटतं, आणि पंचाईत तिथेच आहे. खर्चावर शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरलेलं नसलं की प्रत्येक बिल भांडणाचं निमित्त होतं.

फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं. मागे कंपनी चित्रपट काढत राहिली, पण पहिली चमक नव्हती. कॅमेरा कुणीही फिरवेल हो, ट्रिक सीन जमवणारं डोकं छापखान्यातल्या यंत्रासारखं मागे ठेवून जाता येत नाही. अखेर १९२२ मध्ये फाळके परत आले, निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून. पुढे दहाएक वर्षं कंपनी तगली.

१९३१ मध्ये गिरगावातच, मॅजेस्टिकला, 'आलम आरा' बोलू लागला. कंपनीचा शेवटचा 'सेतुबंधन' मात्र मूक चित्रित झाला होता. त्याला आवाज मागाहून चिकटवावा लागला.