प्लास्टर निघाले, पुढे काय?

चैत्र-वैशाखात अक्राणीच्या डोंगरात आंब्याचे काम निघते. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या, वाळवायच्या. मग आमचूर होतो. धडगावच्या आमचुराचे नाव दूरवर आहे. पण त्यासाठी कुणाला तरी झाडावर चढावे लागते. चढणारा कधी कधी पडतो.

समजा, असाच एक गडी पडला. कोपराजवळ हाड मोडले. भाऊबंदांनी त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले. काही आठवड्यांनी ते काढले. हाड जुळले होते. घरची मंडळी खूश झाली. पण गड्याला घास तोंडापर्यंत नेता येईना! हात पुरता सरळ होईना, पुरता वाकेना. तो म्हणाला, "हाड जुळलं, पण हात कामाचा राहिला नाही."

असे का झाले? दार पावसाळाभर बंद ठेवले, तर बिजागरी गंजते. सांध्याचेही काहीसे तसेच आहे. बरेच दिवस सांधा हलला नाही, की त्याच्याभोवतीचे आवरण आखडते. स्नायू बारीक होतात. सांधा धरतो.

अशा वेळी लोक मालिशवाल्याला बोलावतात. तो तेल लावून कोपर रगडतो, जोराने ओढतो. दादांनो, बायांनो, हे करू नका! मार लागलेले कोपर रगडले, तर आतल्या स्नायूत हाड धरू शकते. होय, मांसात हाड! मग हात कायमचा अडकतो. शिकलेली माणसेसुद्धा ही चूक करतात.

यावर खरा उपाय फिजिओथेरपी. शब्द लांबलचक आहे, अर्थ सोपा आहे. हालचाल, शेक आणि व्यायाम यांनी करायचा तो उपचार. १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ही विद्या शिकवणारी शाळा निघाली. त्या काळी पोलिओने पुष्कळ मुलांचे पाय लुळे पडत. पोलिओवर औषध नव्हते. अंगात उरलेली ताकद व्यायामाने वाढवावी लागे. पुढे लस आली. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. विद्या मात्र कामाला येतेच आहे.

फिजिओथेरपीवाला आधी सांधा किती वाकतो ते मोजतो. मग सांगतो, "तूच वाकव, तूच सरळ कर. दुसऱ्याला ओढू देऊ नकोस." हे दिवसातून तीन-चार वेळा करायचे. थोडे दुखते. जरा वेळाने दुखणे थांबले, तर ठीक. दुसऱ्या दिवशीही दुखले किंवा सूज आली, तर काल जास्त झाले असे समजावे. व्यायाम कमी करावा, पण सोडू नये. मुठीत ताकद यावी म्हणून भाकरीचे पीठ मळावे. घरची बाई हसेल. हसू द्या.

धडगावहून नंदुरबार लांब. घाट उतरायचा, मजुरी बुडवायची. रोज कोण जाईल? म्हणून जिल्हा रुग्णालयात जाल, तेव्हा घरचे एक माणूस बरोबर न्या. व्यायाम त्यालाही शिकवायला सांगा. कागदावर लिहून घ्या: कोणता व्यायाम, किती वेळा, पुन्हा कधी यायचे. आता तुम्हाला वाचता येते. तो कागद भिंतीला लावा.

आणखी एक. प्लास्टर असतानाही बोटांची उघडमीट करावी, डॉक्टरांना विचारून खांदा हलवावा. पण बोटे निळी, गार किंवा बधिर झाली, किंवा कळा सोसवेनात, तर लगेच दवाखाना गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. रक्त अडले, तर काही तासांत हात निकामी होतो.

हाड मोडले नाही, तरी अंग धरते. नंदुरबारजवळ मिरचीच्या पथाऱ्यांवर बाया दिवसभर वाकून मिरची पसरतात, निवडतात. संध्याकाळी कंबर ताठ होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहावे. दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागे वाकावे. चार पावले चालावे. मुकादम बोलेल, पण त्याला किती वेळ लागतो? दोन मिनिटे. पोते उचलताना गुडघे वाकवा, पोते अंगाजवळ धरा. डोक्यावर घेताना शेजारणीला हात लावायला सांगा.