टाकी मे महिन्यासाठी बांधा

खाऱ्या पाण्याची टाकी मोठी करायचं मनात आलं की माणूस आधी काचवाल्याकडे जातो. माझं सांगणं उलट आहे. मराठवाड्यातल्या पूर्णेसारख्या गावात काच सगळ्यात शेवटी घ्या. आधी पाणी, वीज आणि ऊन यांचा हिशोब कागदावर मांडा, आणि तोही मे महिन्यातला. डिसेंबरात आपल्याकडे कोणतीही टाकी चालते.

माझी जुनी टाकी तीन फुटी होती. नवी ठरवली चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे 450 लिटर. काच, पाणी, दगड, स्टँड धरून वजन 600 किलोच्या वर जातं. म्हणून ती तळमजल्यावर, पक्क्या फरशीवरच ठेवायची. मीठ लागतं 16-17 किलो, आणि तेही खास सागरी टाक्यांसाठीचं. जेवणातलं किंवा बाजारातलं खडे मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचं समुद्रातलं प्रमाण नसतं.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. आपल्या बोअरचं पाणी जड. त्यात नायट्रेट असेल तर हिरवं शेवाळ माजतं, सिलिकेट असेल तर काचेवर तपकिरी थर चढतो. आरओशिवाय गत्यंतर नाही, आणि घरगुती आरओ 1 लिटर शुद्ध पाण्यामागे 2-3 लिटर बाहेर टाकतो. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या मराठवाड्यात आपण राहतो. ते टाकाऊ पाणी धुण्याभांड्याला वापरायची सोय घरात आधी करा, मगच टाकीचा विचार करा.

आता विजेचं. नव्या टाकीखाली संप बसवला होता. पाणी वरून खाली उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. एरवी व्यवस्था उत्तम, पण लाईट गेली की पंपाच्या नळीतून पाणी उलटं खाली यायला लागतं आणि नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत येतच राहतं. चार बाय दोनच्या टाकीत पाण्याची पातळी एक इंच उतरली तर 19 लिटर पाणी खाली येतं. ज्यानं टाकी बांधून दिली, त्याचं म्हणणं होतं की नळीत एकेरी व्हॉल्व्ह टाकलाय, काळजी नको. मे महिन्यातल्या वळवाच्या रात्री लाईट गेली आणि त्या व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण अडकला. संप भरून वाहिला, खोलीभर खारं पाणी झालं. तेवढं पुसून काढता येतं. माशांचं मात्र वेगळं असतं. पंप थांबला की पाण्यात हवा मिसळणंही जवळजवळ थांबतं. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. आणि पाणी तापलं की तोही घटतो. पहाटेपर्यंत क्लाउनफिश पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत होते. सेलवर चालणाऱ्या हवेच्या पंपानं ते वाचले. निळा टँग गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, व्हॉल्व्हवर विसंबू नका. नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडा, म्हणजे पातळी तिथवर उतरताच नळीत हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. ते भोक दर आठवड्याला साफ करा. प्रवाह तुटेपर्यंत उतरणारं पाणी मावेल इतकी जागा संपात रिकामी ठेवा. टाकी चालू केल्यावर पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद करून हे सगळं डोळ्यांनी बघा. इन्व्हर्टरवर पंप आणि टाकीतलं पाणी हलवणारा वेव्हमेकर घ्या, पाणी थंड करणारा चिलर घेऊ नका. बॅटरी लगेच बसते.

आता उन्हाचं. चिलर परवडत नसेल तर पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा कोरड्या उन्हाळ्यात 2-3 अंश उतरवतो. पण त्याच खोलीत कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग संपतो. कूलर आणि टाकी वेगवेगळ्या खोल्यांत हवेत. पंख्यामुळे दिवसाला 8-10 लिटर पाणी उडतं. मीठ मात्र टाकीतच राहतं, म्हणून भर नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची घालायची. घनता 1.025 वर राहिली पाहिजे.

प्रवाळाबद्दल स्पष्ट बोलतो. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीनं. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीचे प्रवाळ हलवायचे होते, तेव्हा महापालिकेलाही वन खात्याची परवानगी घ्यावी लागली. मलाही एका विक्रेत्यानं बिनपावतीचे 'जिवंत दगड', म्हणजे जीवाणू वसलेले प्रवाळाचे दगड, देऊ केले होते. कागद मागितले तेव्हा त्यानं विषय बदलला. मी ते घेतले नाहीत, तुम्हीही घेऊ नका. सच्छिद्र कृत्रिम दगडावरही जीवाणू छान वसतात. मासेही समुद्रातून पकडलेले नकोत, पैदास केलेलेच मागा. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या राज्यात ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही झाली आहे.

नवी टाकी दिवाळीनंतर भरा. जुनी सोबत चालूच ठेवा आणि तिच्या फिल्टरमधला ओला स्पंज नव्या संपात टाका. जुनी वाळू उचलून ओतू नका, तिच्या तळातली घाण मासे मारते. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासा सोडायचा नाही.

शेवटची गोष्ट कोणीच सांगत नाही, बदललेल्या पाण्याची. आठवड्याला 45 लिटर बदललं तर वर्षाला 80 किलोच्या आसपास मीठ घराबाहेर जातं. सोडियमनं काळी जमीन घट्ट होते, तिच्यात पाणी मुरेनासं होतं. ते पाणी गच्चीवर पसरट टबांत सुकवा आणि उरलेलं कोरडं मीठ कचरागाडीत द्या. शेतात, परसात, विहिरीजवळ ते कधीही ओतू नका.