झळ आपल्याला लागू दे

प्रिय बाळ,



तुझं पत्र मिळालं. पहिला पगार हातात आला आणि त्यातलं देवाचं किती, हा प्रश्न तुला सगळ्यात आधी पडला, याचा फार आनंद झाला. दशांश द्यावा की सगळाच पगार अर्पण करावा, असं तू विचारलं आहेस.

दशांशापासून सुरुवात कर. पगार जमा होईल त्याच दिवशी तो वेगळा काढ. महिनाअखेरीस उरेल ते देवाला, ही सवय लावून घेऊ नकोस. रोगी, लंगडी जनावरं वेदीवर आणणाऱ्यांना मलाखी संदेष्ट्याने कडक शब्दांत सुनावलं, कारण असली भेट सरकारी अधिकाऱ्यापुढे न्यायची त्यांची छाती झाली नसती.

मात्र दहावा भाग दिला की हिशेब मिटला, असं समजू नकोस. 2 शमुवेलाचा चोविसावा अध्याय काढून वाच. देशात मरी पसरली होती. दावीद वेदी बांधायला अरवनाच्या खळ्यावर गेला, तेव्हा अरवनाने होमासाठी बैल आणि सरपणासाठी मळणीची अवजारंसुद्धा फुकट देऊ केली. राजाने ती तशी घेतली नाहीत. पन्नास शेकेल रुपं मोजलं आणि मगच होम केला. दुसऱ्याच्या पदरचं देवाला वाहणं त्याला पटेना. बाळ, मला तुला सांगायचं आहे ते एवढंच: अर्पणाची झळ देणाऱ्याला लागली पाहिजे, आणि ती त्यालाच लागली पाहिजे.

पंडिता रमाबाईंकडे बघ. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी अशा तीनशेच्या आसपास मुलींना आसरा दिला. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. पैसा इतरांनीही पाठवला, पण त्या मुलींमध्ये राहून आयुष्य रमाबाईंनी वेचलं. साध्या बायामाणसांना कळेल असं बायबल मराठीत यावं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली, तरी हातातलं काम त्यांनी सोडलं नाही. 1922च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला आणि पूर्ण बायबल 1924मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झालं. पौलाने रोमकरांना आपली शरीरंच जिवंत यज्ञ म्हणून वाहायला सांगितलं, त्याचा अर्थ मला रमाबाईंच्या चरित्रात दिसतो.

आता दुसरी बाजू. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तुझ्याकडे आहेत, ती पुन्हा वाच. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांच्या हाती पैसा टिकत नसे. गरजू दिसला की ते देऊन मोकळे होत. त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल मला अपार आदर आहे. पण त्या दातृत्वापायी घर चालवताना ओढाताण व्हायची ती लक्ष्मीबाईंची. त्यागाचा तेवढाच वाटा त्यांचाही होता, आणि तो वाटा उचलशील का, असं त्यांना दर वेळी कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून तुला बजावतो. तुझ्या आईची, म्हणजे माझ्या ताईची, औषधं आणि धाकटीची फी आता तुझ्या पगारावर आहे. हे देवाला वाहिलं आहे असं म्हणून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात खडसावलं आहे. सगळा पगार अर्पण केलास तर उपास तुझा घडणार नाही, ताईचा घडेल. आधी तिच्याजवळ बस, घरखर्च लिहून काढ. मग तुझ्या स्वतःच्या वाट्याकडे बघ: नवा मोबाइल, मित्रांबरोबरचं बाहेरचं खाणं, सुट्टीतली सहल. दशांशापलीकडचं अर्पण तिथून काढ.

आणि वेळ दे. तुमच्या वस्तीतल्या मुलांना रविवारी दुपारी गणित शिकवायला कोणी नाही, असं तूच लिहिलं होतंस. आठवड्यात तुला मिळणारी मोकळी दुपार तेवढी एकच, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती दे. कोणाशी अबोला असेल तर उपासनेला जाण्याआधी त्याच्याकडे जाऊन ये. वेदीपाशी भेट ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभूने सांगितलं आहे.

किती दिलंस हे मला कळवू नकोस, मंडळीतही कोणाला सांगू नकोस. मात्र मुलांचा वर्ग सुरू केलास की लिही. पुस्तकांची सोय मी करतो.

ताईला सलाम.

तुझा,
मामा