टेम्पोचं फिटनेस आणि डुप्लिकेट आरसी : दोन कागद, धंद्याचं एक चाक

व्हिडिओत वेळेअभावी राहिलेला भाग इथे लिहून देतोय.

आधी माझीच चूक सांगतो. पावसात टेम्पोच्या डॅशबोर्डमधली आरसी भिजली, अक्षरं गेली. म्हटलं, बघू नंतर. फिटनेसची तारीख जवळ आली तेव्हा डुप्लिकेट काढायला गेलो, तर आरसीवर अजून बँकेचा बोजा! कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण नाव मी उतरवलंच नव्हतं. बँकेचं पत्र येईपर्यंत फिटनेस संपलं आणि ऐन गणपतीत टेम्पो दारात उभा. माल भाड्याच्या गाडीने आणला. नफा भाड्यातच गेला.

फिटनेस कधी?
मालवाहू गाडी नवी असेल तर पहिली 2 वर्षं. पुढे गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तपासणीत ब्रेक, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, रिफ्लेक्टर बघतात. म्हणून आधी मेकॅनिककडून हे सगळं बघून घ्या.

लक्षात ठेवा, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 56 प्रमाणे फिटनेस नसेल तर मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत. म्हणजे दंड तर आहेच, पण अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

आरसी हरवली किंवा खराब झाली तर?
1. हरवली असेल तर आधी पोलिसांत तक्रार करा, प्रत जपून ठेवा. फाटली-भिजली असेल तर खराब आरसीच अर्जासोबत जोडा.
2. फॉर्म 26 भरा. 'परिवहन' पोर्टलवर अर्ज करता येतो.
3. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची संमती लागते.
4. कर्ज फिटलंय? मग बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन बोजा लगेच उतरवा. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

रस्त्यात तपासणीला डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी चालते. मूळ कागद घरी फाइलला ठेवा, डॅशबोर्डमध्ये नको.

आजचा गृहपाठ : आरसी उघडा आणि दोनच गोष्टी बघा, फिटनेसची तारीख आणि बँकेचं नाव. तारखेच्या 45 दिवस आधीचा अलार्म मोबाईलला लावा. दुकानाच्या कॅलेंडरवरही लाल पेनाने लिहा.

गाडी थांबली की गल्ला थांबतो. भेटू पुढच्या व्हिडिओत!